अडीच किलोचं बाळ आणि साठीतलं हृदय

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. १९११पासून तिथल्या सुइणींना एक काम नेमून दिलेलं होतं: बाळ जन्मलं की वजन करायचं आणि कळवायचं. मग वर्षभर आरोग्यसेविका त्या घरी फेऱ्या मारत, बाळ अंगावर पितं की बाटलीनं ते बघत आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन करत. एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेनं हे सगळं वह्यांत नीट उतरवून ठेवण्याची शिस्त लावली.

पुढे साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर नकाशे मांडून बसले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या भागांत तान्ही मुलं जास्त दगावत, नेमक्या त्याच गरीब भागांत नंतर हृदयविकाराचे मृत्यूही जास्त होते. हा तर सुखवस्तू माणसांचा आजार समजला जाई! बार्करना जन्माच्या जुन्या नोंदी हव्या होत्या. त्या बर्नसाइडबाईंच्या वह्यांत सापडल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला, तेव्हा जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यातच हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक निघालं. हे १९८९ साली प्रसिद्ध झालं. १९९६मध्ये म्हैसूरच्या एका जुन्या मिशन इस्पितळाच्या नोंदींनी तेच सांगितलं: अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनानं जन्मलेल्यांपैकी ११ टक्क्यांना हृदयविकार, तर ३.१ किलोच्या वर असलेल्यांत ३ टक्के.

असं का व्हावं? पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की ते आधी मेंदू सांभाळतं आणि बाकीच्या अवयवांच्या वाट्याला कमी येतं. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर एकही नवी होत नाही. त्या मुळातच कमी असल्या तर उरलेल्यांवर जन्मभर ताण पडतो आणि पन्नाशीत रक्तदाब चढतो. रक्तवाहिन्यांची लवचीकताही जन्माआधीच्या याच काळात घडते. अर्थात हा कल हजारो माणसांच्या बेरजेतून दिसतो, एकट्याचं भविष्य त्यात लिहिलेलं नसतं. अडीच किलोचं बाळ निरोगी म्हातारपण गाठू शकतं, आणि तंबाखू किंवा सुटलेलं पोट साडेतीन किलोच्या बाळालाही पुढे सोडत नाही.

आपल्यासाठी खरा धक्का पुण्यातला आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण पाठीच्या खवाट्याखालची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तेव्हा फरक फारच थोडा निघाला. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. हातात घेतलं तर काडीसारखं वाटणारं हे बाळ आतून चरबी घेऊन आलेलं असतं. मधुमेह आणि हृदयविकार आपल्याकडे इतक्या लवकर का गाठतात, याचा एक धागा इथे आहे असं मला वाटतं. अशा मुलाला ‘अंग धरू दे’ म्हणून तूप-साखर कोंबत बसणं म्हणूनच धोक्याचं. दिल्लीतल्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत बारीक असलेली आणि नंतर बाराव्या वर्षापर्यंत भराभर वजन वाढलेली मुलंच मोठेपणी मधुमेहाकडे जास्त झुकली होती.

त्या सहा गावांतल्या बायांच्या जेवणाचाही हिशेब ठेवला होता. बाळाच्या अंगलटीशी नातं निघालं ते पोटभर भाकरीपेक्षा पालेभाजी, दूध आणि फळं यांचं. आणि ज्यांना गरोदरपणातही शेतातली, घरातली जड कामं सुटली नाहीत, त्यांची बाळं लहान होती. ‘फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल’ असं आजही सुनेला सांगितलं जातं. सांगणाऱ्या सासूच्या मनात काळजीच असते. पण त्या घरात मेथीची जुडी येते तेव्हा आधी पुरुषांच्या ताटात जाते, आणि पोटुशी सून शेवटी कढईला लागलेलं पुसून खाते.