भावा, अजून चारच मॅच झाल्यात!

सकाळी डहाणू रोडहून लोकल सुटते. खिडकी पकडून, बॅग वर टाकून पोरं सेट होतात आणि कालच्या मॅचचा विषय निघतो. वाणगावला ओपनर बदलतो. बोईसरला गर्दी आत घुसते, तोवर कॅप्टनची हकालपट्टी झालेली असते. उमरोळी गेलं की 'याला देऊन त्याला घ्या' सुरू होतं आणि पालघर येईपर्यंत अर्धी टीम ट्रेड झालेली असते. हे सगळं सीझनच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे जेमतेम तीन-चार मॅच झालेल्या असताना!

आयपीएल पुन्हा तोंडावर आलीय. डब्यातले, कॅन्टीनमधले आणि तलासरी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे सिलेक्टर तयारीत आहेत. त्यांनी वाद घालू नये असं कोण म्हणेल? वाद नसेल तर मॅच बघण्यात मजा काय! पण यंदा निकाल सुनावण्याआधी आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेळाडूची गोष्ट आठवा. सीझनच्या सुरुवातीचा परफॉर्मन्स आणि ट्रेड या दोन्ही विषयांत त्याच्याइतका अनुभव फार कमी जणांकडे असेल. तो म्हणजे शार्दूल ठाकूर.

अनसोल्ड ते पर्पल कॅप

नोव्हेंबर २०२४. जेद्दाहमध्ये मेगा ऑक्शन होतं. शार्दूलची बेस प्राइस दोन कोटी. दहापैकी एकाही टीमने हात वर केला नाही. याच माणसाला दिल्लीने २०२२ मध्ये १०.७५ कोटींना घेतलं होतं. त्या रात्री आपल्याकडच्या ग्रुपवर 'संपला रे' टाईपचे किती मेसेज फिरले असतील, तुम्हीच आठवा.

तो काय करत होता? रणजी खेळत होता. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचा डाव कोसळत असताना त्याने ११९ धावा काढल्या. त्याच महिन्यात मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक घेतली. मग मोहसीन खान दुखापतीमुळे बाहेर गेला आणि लखनौने सीझन सुरू होता होता शार्दूलला बोलावलं.

पहिली मॅच दिल्लीविरुद्ध. पहिल्याच ओव्हरमध्ये दोन विकेट. दुसरी मॅच हैदराबादविरुद्ध, त्यांच्याच घरी. ३४ धावांत ४ विकेट, आयपीएलमधल्या १०० विकेट पूर्ण आणि डोक्यावर पर्पल कॅप. 'संपला' म्हणणाऱ्यांच्या स्टेटसला दोन दिवसांत 'लॉर्ड' झळकला.

पण गोष्ट इथे संपत नाही. तो सीझन त्याने १० मॅचमध्ये १३ विकेटवर संपवला. म्हणजे पहिल्या दोन मॅचमध्ये सहा आणि पुढच्या आठमध्ये सात. मधे कोलकात्याविरुद्ध त्याने सलग पाच वाइड टाकत अकरा चेंडूंची ओव्हर पूर्ण केली आणि त्याच ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर अजिंक्य रहाणेची विकेटही काढली. आता सांगा, नोव्हेंबरमधलं 'संपला' खरं होतं की मार्चमधलं 'लॉर्ड'? दोन्ही घाईचं होतं.

दोन वर्षांपूर्वीही हेच झालं होतं. एप्रिल २०२३ मध्ये ईडन गार्डन्सवर बेंगळुरूविरुद्ध त्याने २९ चेंडूंत ६८ ठोकले. सीझन नुकताच सुरू झाला होता. कोलकात्याने काय जबरदस्त ट्रेड केला, अशी चर्चा झाली. त्यानंतर उरलेल्या सगळ्या सीझनमध्ये मिळून त्याच्या पन्नास धावासुद्धा झाल्या नाहीत आणि कोलकात्याने त्याला सोडून दिलं.

आकडा लहान, आवाज मोठा

साधं गणित मांडून बघू. बोलरला एका टी-ट्वेंटीत जास्तीत जास्त चार ओव्हर मिळतात. चार मॅच म्हणजे सोळा ओव्हर. टेस्टमध्ये एखादा फास्ट बोलर भरल्या दिवशी जवळपास एवढी बोलिंग करतो. एका दिवसाच्या बोलिंगवरून कुणाचं करिअर ठरवाल का? सहाव्या नंबरवर येणाऱ्या फिनिशरला तर चार मॅचमध्ये पन्नास चेंडूही मिळत नाहीत. एक कॅच सुटला, एक चेंडू बॅटची कड घेऊन फोर गेला, की त्याचा स्ट्राइक रेट 'फॉर्मात' दिसायला लागतो.

शार्दूलचं टेस्ट पदार्पण आठवतंय? ऑक्टोबर २०१८, हैदराबाद. दहा चेंडू टाकले आणि दुखापतीने बाहेर. पुढची टेस्ट मिळाली ती थेट जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तिथे मॅचमध्ये सात विकेट, शिवाय वॉशिंग्टन सुंदरबरोबर किल्ला लढवत ६७ धावा. दहा चेंडूंवर फाइल बंद केली असती तर गॅबाचा तो विजय कसा दिसला असता, विचार करा.

टीमच्या बाबतीतही तेच. मुंबई इंडियन्स २०१३ पासून २०२५ पर्यंत प्रत्येक सीझनची पहिली मॅच हरलीय. आणि पाचही ट्रॉफी याच काळात आल्यात! २०१५ मध्ये तर पहिल्या चार मॅच गेल्या होत्या, तरी शेवटी कप मुंबईचाच. २०२५ मध्ये पहिल्या पाचपैकी चार हरले, मग सलग सहा जिंकून प्लेऑफमध्ये गेले. आपल्या लोकलमध्ये मात्र दरवर्षी दुसऱ्या पराभवानंतर सगळी टीम विकायला काढली जाते.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचं दुखणं असंच आहे. तिथे एका टीमला सीझनमध्ये १६२ मॅच खेळायच्या असतात. तरी एप्रिलमधल्या पहिल्या आठ-दहा मॅच झाल्या की 'याला काढा, त्याला विका' सुरू! म्हणजे हा रोग फक्त डहाणू लोकलचा नाही.

ट्रेड कसा होतो?

डब्यातल्या चर्चेत बहुतेकदा विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आयपीएलचा सीझन चालू असताना ट्रेड होतच नाही. फायनलनंतर ट्रेडची खिडकी उघडते, ऑक्शनच्या आठवडाभर आधी बंद होते. ऑक्शननंतर परत उघडते आणि सीझनच्या महिनाभर आधी कायमची बंद. त्यामुळे एप्रिलमध्ये 'उद्याच्या उद्या ट्रेड करा' म्हणणं म्हणजे ॲडमिशन बंद झाल्यावर फॉर्म मागण्यासारखं आहे. दुखापत झाली तर बदली खेळाडू मिळतो, तेवढंच.

ट्रेड रोख पैशांत होतो किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू. आणि खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये करारात तशी अट नसेल तर बहुतेक खेळाडूंना विचारलंही जात नाही. बॅग भरायची आणि दुसऱ्या शहरात हजर व्हायचं.

शार्दूलचा तीनदा ट्रेड झालाय. २०१७ ला पंजाबकडून पुण्याकडे, २०२३ च्या सीझनआधी दिल्लीकडून कोलकात्याकडे आणि गेल्या नोव्हेंबरात लखनौकडून मुंबईकडे, दोन कोटींना. त्याच दिवसांत अर्जुन तेंडुलकर मुंबईकडून लखनौला गेला, तोही वेगळा ट्रेड होता. गंमत म्हणजे २०१९ च्या फायनलला शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्या असताना मलिंगाने ज्याला पायचीत केलं तो हाच शार्दूल. आता मुंबईच्या जर्सीत आपल्याच घरचा माणूस!

नाक्यावरचा हार्दिक

ट्रेडवरून सगळ्यात जास्त भांडणं कुठे झाली असतील, तर तलासरीसारख्या ठिकाणी. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला सुरत. वर्गातले अर्धे वानखेडेचे, तर वापी-भिलाडला नातेवाईक असलेले काही जण पक्के टायटन्सवाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईत परतला आणि दोन्ही बाजू एकाच वेळी चिडल्या. गुजरातवाले म्हणाले सोडून गेला, मुंबईवाले म्हणाले रोहितची जागा घेतली.

मार्च २०२४ मध्ये अहमदाबादला त्याची हुर्यो उडवली गेली. मग वानखेडेवर, म्हणजे त्याच्या घरच्याच मैदानात, तेच झालं. टॉसला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई पहिल्या तीन मॅच हरली आणि सीझन तळाला संपला. २९ जूनला वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर त्याच हार्दिकने टाकली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. तीन महिन्यांत माणूस बदलला नव्हता. खेळ वाईट झाला म्हणणं वेगळं आणि माणसाला शिव्या घालणं वेगळं, हा फरक त्या तीन महिन्यांत आपण पार विसरलो होतो.

आपल्या मैदानावरचं ऑक्शन

हे सगळं टीव्हीपुरतं असतं तर ठीक होतं. पण आता गावागावात टेनिस बॉलच्या प्रीमियर लीग होतात. संघमालक, आयकॉन प्लेयर, बेस प्राइस, यूट्यूब लाइव्ह, सगळं आयपीएलसारखं. मोठ्या लीगमध्ये अनसोल्ड राहिलेल्याला निदान बीसीसीआयचं क्रिकेट असतं. पाड्यावरचा पोरगा अनसोल्ड राहतो तेव्हा समोर सगळा गाव बसलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये त्याला त्याच नावाने हाक मारली जाते. मागच्या वर्षी दोन मॅचमध्ये शून्यावर गेला, एवढंच कारण पुरतं. दोन मॅच! त्या दोनमध्ये त्याला कितव्या नंबरला पाठवलं, किती चेंडू मिळाले, हे कुणी बघत नाही.

शार्दूल शाळेत असताना लोकल विरारपर्यंतच होती. पालघरहून किटबॅग घेऊन मुंबईला जाणं काय असतं हे या मार्गावरच्या प्रत्येकाला कळेल. कोच दिनेश लाड यांनी त्याला शाळेच्या मॅचमध्ये पाहिलं आणि बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. एका पोराला कुणीतरी थोडा जास्त वेळ दिला, त्यातून पालघरला एक टेस्ट खेळाडू मिळाला.

म्हणून यंदा एक गेम खेळून बघा. पहिल्या चार मॅचनंतर तुमच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपला निकाल लिहून टाका: कोण संपला, कोण लॉर्ड, कुणाला कुणाच्या बदल्यात द्यायचं. मेसेज पिन करा. फायनलच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उघडा. ज्याचे सगळ्यात जास्त निकाल चुकले, त्याने पालघर स्टेशनवर सगळ्यांना वडापाव द्यायचा.