जुन्या घराच्या दगडी भिंती व चुना

गावातील जुना वाडा शाळेस मिळतो तेव्हा त्याच्या काळ्या पाषाणाच्या भिंती भक्कम दिसतात. आतील गाभा मात्र पुष्कळदा दगडमातीचा असतो व पावसाळ्यात ओल धरतो. पाषाण स्वतः पाणी फारसे पीत नाही. त्यामुळे ही ओल वाळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दगडांमधील सांधे. ते सिमेंटने भरले की भिंत वरून नीटनेटकी दिसते, परंतु ओल आत कोंडते, गाभा भुसभुशीत होतो व भिंतीला फुगवटा येतो. अशा भिंतीलगत मुले बसत असतील, तर हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

चुना सच्छिद्र असल्याने ओल बाहेर जाऊ देतो. पावसाळा सरल्यावर सांध्यांतील सुटा माल इंचभर खोल कोरून काढावा व सांधे धुऊन ओले करावेत. पूर्ण विरवलेला चुना १ भाग व धुतलेली वाळू २ ते ३ भाग, असा घोटलेला माल थापीने दाबून भरावा. रुंद सांध्यांत दगडाच्या चिपा बसवाव्यात. पूर्वी हा माल बैलांच्या घाणीत घोटीत असत. घाईच्या गवंड्यास एवढे घोटणे रुचत नाही. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून सावकाश कठीण होतो, म्हणून त्यावर निदान आठवडाभर ओले गोणपाट असावे.

चुनकळी विरवताना पाणी उकळून उसळते व डोळ्यांस इजा होते. त्या वेळी मुलांना दूर ठेवावे. भिंतीला आधीच फुगवटा आला असेल, तर सांधे कोरण्यापूर्वी तिला टेकू देऊन ती अभियंत्यास दाखवावी.