मांडी कीं आसन ?

सून माहेरीं बाळंत झालेली असते. दोन-अडीच महिन्यांनीं तिला व नातवाला सासरीं आणण्यासाठीं घरची मोटार निघते. पुढें वडील मंडळी बसतात. मागें बाळाची आई, तिच्या मांडीवर दुपट्यांत गुंडाळलेलें बाळ, शेजारीं आत्या, आणि पायांशीं बाळंतविड्याचें गांठोडें. निघतांना देवाला नमस्कार होतो, बाळाच्या गालाला तीट लागते, आणि आजी आपल्या मुलाला चारचारदां बजावते, "हळू चालव रे, पोर लहान आहे." बाळाची काळजी घेण्यांत कोणीं कांहीं उणें ठेवलेलें नसतें. असें असूनहि त्या गाडींत सर्वांत अधिक धोका कोणाला असेल, तर तो त्या बाळालाच असतो. हें विधान कित्येकांस कठोर वाटेल. तें खरें कां आहे, हेंच आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

आईच्या मांडीहून सुरक्षित जागा जगांत नाहीं, ही आपल्या घरांतील जुनी समजूत आहे. आणि माजघरांत, ओसरीवर, देवळांत ती खरीहि आहे. परंतु ती समजूत मोटार येण्यापूर्वींची आहे. ताशीं ५० किलोमीटर हा वेग आजकाल कोणाला वेग वाटतच नाहीं. त्या वेगानें चाललेली गाडी सेकंदाला सुमारें १४ मीटर अंतर तोडते. ती समोरच्या ट्रकवर किंवा झाडावर आदळून एक दशांश सेकंदांत थांबली, तर गाडी थांबते. आंतील मोकळीं माणसें थांबत नाहींत, तीं त्याच वेगानें पुढें जातात. त्यांना गाडीबरोबर थांबवावयाचें म्हणजे प्रत्येकाला त्याच्या वजनाच्या सुमारें चौदा पट जोरानें धरून ठेवावें लागतें. आठ किलो वजनाचें बाळ त्या क्षणीं सुमारें ११० किलोंच्या ओझ्याप्रमाणें ओढ घेतें. तांदळाचीं पन्नास किलोंचीं दोन पोतीं कोणीं अकस्मात् अंगावर टाकलीं, तर तीं झेलूं शकेल अशी माउली आम्हांस ठाऊक नाहीं. येथें प्रेम कमी पडतें असें नव्हे. हातांचें बळ कमी पडतें. हाच वेग उंचीच्या भाषेंत सांगावयाचा, तर सुमारें दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या सज्जांतून, खालीं पडणाऱ्या वस्तूचा जमिनीवर पोहोंचतांना जो वेग असतो, तोच हा. सज्जांत मूल कठड्याशीं गेलें तरी आपण धांवत जातों. मोटारींत मात्र त्याला खिडकीशीं उभें करून रस्त्याची गंमत दाखवितों.

याहून एक अधिक क्लेशकारक गोष्ट आहे. आईनें स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिचाच देह पुढें फेंकला जातो, आणि बाळ तिच्या व पुढील आसनाच्या मध्यें सांपडतें. एकच पट्टा आई व बाळ अशा दोघांभोंवतीं घेतला, तर बाळ आई व पट्टा यांच्यामध्यें दाबलें जातें. म्हणून ही युक्तिहि कधीं करूं नये.

ही चूक आपलीच आहे, इतर लोक शहाणे आहेत, असें मात्र कोणी समजूं नये. मुलांना मोटारींत योग्य आसनांत बसविलेंच पाहिजे, असा अमेरिकेंतील पहिला कायदा टेनेसी संस्थानानें १९७७ सालीं केला व १ जानेवारी १९७८ पासून तो अंमलांत आला. डॉ. रॉबर्ट सँडर्स ह्या बालरोगतज्ज्ञांनीं व त्यांच्या पत्नीनें त्यासाठीं मोठी खटपट केली होती. पण तो मंजूर होतांना त्यांत एक पळवाट शिरली: मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल, तर आसनाची सक्ति नाहीं. तेथील शिकल्यासवरलेल्या सभासदांनाहि आईचे हात पुरेसे वाटले. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनीं ह्या दुरुस्तीला 'बालकांना चिरडणारी दुरुस्ती' असें नांव दिलें. ती पळवाट १९८१ सालीं बंद झाली, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि संस्थानांत असे कायदे झाले. आपल्या घरांत आज जो वाद होतो, तो तेथें विधिमंडळांत होऊन गेला आहे, आणि त्याचा निकाल मांडीच्या विरुद्ध लागला आहे.

आतां ह्या आसनाकडे वळूं. बाजारांत त्याला 'कार सीट' म्हणतात. त्याचा मूळ विचार मोठा मनोरंजक आहे. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन ह्या वैद्यकशास्त्रज्ञांनीं अमेरिकेच्या जेमिनी यानांतील अंतराळवीरांचीं आसनें पाहिलीं. उड्डाणाचा भार एका जागीं न येतां सबंध पाठीवर पसरावा, अशी त्यांची रचना होती. त्यावरून मुलाची पाठ गाडीच्या पुढच्या बाजूस व तोंड मागें अशी बैठक त्यांस सुचली, व १९६४ सालीं तिचा पहिला नमुना तपासण्यांत आला. लहान मुलाचें डोकें त्याच्या देहाच्या मानानें फार मोठें असतें. जन्मतः तें उंचीच्या सुमारें चौथा हिस्सा असतें; प्रौढाचें सुमारें आठवा. मान मात्र कोंवळी असते. तोंड पुढें करून बसलेल्या बाळाच्या गाडीला समोरून धडक बसली, तर धड पट्ट्यांत अडकतें आणि जड डोकें पुढें झेंपावतें. सारा ताण मानेवर येतो. मागें तोंड असेल, तर डोकें, मान व पाठ हीं तिन्ही आसनांत एकदम दाबलीं जातात व आघात वांटला जातो. अमेरिकेच्या सरकारी महामार्ग-सुरक्षा खात्याच्या अनुमानाप्रमाणें, अशा आसनांमुळें मोटारींतील अपघातांत मृत्यूचा धोका एक वर्षाखालील अर्भकांच्या बाबतींत ७१ टक्क्यांनीं, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांच्या बाबतींत ५४ टक्क्यांनीं कमी होतो.

तेव्हां क्रम असा लक्षांत ठेवावा. जन्मापासून मूल मागें तोंड करून बसवावें, आणि आसन बनविणारानें दिलेल्या वजनाच्या व उंचीच्या मर्यादेपर्यंत तसेंच बसवीत राहावें. 'एक वर्ष झालें, आतां फिरवा' अशी घाई करूं नये. पाय दुमडतात म्हणून हळहळूं नये. मुलें मांडी घालून मजेंत बसतात. त्यानंतर खांद्यांवरून, कमरेवरून व पायांमधून येणारे पांच पट्टे असलेलें, पुढें तोंड करून बसण्याचें आसन. तेंहि लहान झालें म्हणजे उंची वाढविणारी बैठक, जिला 'बूस्टर' म्हणतात. गाडीचा मोठ्यांचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून व मांड्यांवरून नीट जाईपर्यंत, म्हणजे मूल सुमारें १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, ती वापरावी. पट्टा मानेवर किंवा पोटावर येत असेल, तर मूल अजून त्या पट्ट्याजोगें झालेलें नाहीं.

आसन नेहमीं गाडीच्या मागील बाजूस बांधावें. मागें तोंड असलेलें आसन चालू एअरबॅगसमोर कदापि ठेवूं नये. मोठ्यांना वांचविणारी ती पिशवी फुगतांना बाळाच्या आसनावर जबरदस्त आदळते. आसन घट्ट बांधल्यावर पट्टा जातो त्या जागीं हलवून पाहावें. इंचभरहि सरकतां कामा नये. मुलाच्या अंगावरील पट्टे इतके बसावे कीं, खांद्यापाशीं चिमटींत पट्ट्याची घडी येऊं नये. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे बाळाला दुलईंत गुंडाळून मग पट्टा बांधतात. तसें करूं नये. धडकेच्या वेळीं दुलई दबते आणि पट्टा सैल राहतो. आधीं पट्टे बांधावे, मग वरून दुलई पांघरावी. आसन विकत घेतांना त्यावर एआयएस-०७२, आर-४४ किंवा आर-१२९ यांपैकीं मानकाची खूण आहे कीं नाहीं, हें पाहावें. चुलतघरचें जुनें आसन वापरण्यास हरकत नाहीं. मात्र तें अपघातांत सांपडलेलें नसावें व त्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी.

आपला कायदा काय म्हणतो, हेंहि सांगितलें पाहिजे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती होऊन १९४ ब हें कलम आलें. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें किंवा मुलांच्या खास आसनानें सुरक्षित न करतां जो गाडी चालवील, किंवा तशी चालवूं देईल, त्यास एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांवरील सर्वांस शिरस्त्राण सक्तीचें आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीं फेब्रुवारी २०२२ मध्यें निराळा नियम झाला व एक वर्षानें तो लागू झाला: मुलाला चालकाशीं बांधणारा पट्टा, मुलाच्या मापाचें शिरस्त्राण, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत. स्कूटरच्या पुढें पायांजवळ उभें असलेलें मूल पाहून आपण कौतुक करतों; त्याऐवजीं त्याच्या वडिलांना चार शब्द सांगितले, तर तें अधिक उपकारक होईल.

यावर आमच्याच परिचयाच्या घरांतून ज्या हरकती येतात, त्या आम्हांस ठाऊक आहेत. पहिली हरकत रडण्याची. "तें आसनांत रडतें, मांडीवर गप्प राहतें." पहिल्या दिवसापासून ज्याला तीच बैठक ठाऊक आहे, तें सहसा लवकर रुळतें, आणि फारच रडलें, तर गाडी बाजूस थांबवावी, बाळाला घ्यावें, पाजावें, आणि मग पुन्हां निघावें. दुसरी हरकत भाड्याच्या गाडीची. बहुतेक आसनें गाडीच्या नेहमींच्या पट्ट्यानेंहि बांधतां येतात. तें बरोबर नेतां येतें. तिसरी हरकत एकत्र कुटुंबांतली, आणि ती खरी आहे: गाडी पांचांची, निघावयाचे सात. आसन ठेवलें तर कोणाला तरी उतरावें लागतें. आमचें स्पष्ट मत असें कीं, दोघांनीं एस. टी.नें किंवा आगगाडीनें यावें. ज्यांच्यासाठीं पट्टा नाहीं, त्यांच्यासाठीं त्या गाडींत जागाहि नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. लेकीच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेस जाऊन आलेल्या कितीतरी आज्या आज आपल्या घरोघर आहेत. इस्पितळांतून बाळाला घरीं नेतांना मोटारींत आसन आहे कीं नाहीं, हें तेथील परिचारिका विचारतात, ही हकीकत त्या कौतुकानें सांगतात. तेथें सहा महिने राहून त्यांनीं नातवाला एकदांहि मांडीवर घेऊन मोटारींत प्रवास केलेला नसतो. तोच नातू सुटींत येथें आला, कीं विमानतळावरच त्या हात पुढें करतात, "आण इकडे, घेतें मी मांडीवर." त्या आजींना आमची आदरपूर्वक विनंती आहे. तेथें शिपाई उभा होता म्हणून आपण नियम पाळला असेल. येथें तो आपण स्वतः पाळावा. सुनेनें आसनाचा हट्ट धरला, तर तिला "आमचीं मुलें काय अशीच वाढलीं नाहींत ?" असें न म्हणतां आपणच पहिला पट्टा बांधावा. घरांत आपला शब्द मोडत नाहीं; ह्या बाबतींत त्याचा उपयोग होऊं द्यावा. गाडी घरीं पोहोंचल्यावर बाळाला मांडीवर घेण्यास कोणाचीच हरकत नाहीं.