खापरपणजोबा सापडतात कोतवालाच्या वहीत!

तुमसर-बपेरा रस्त्यावरच्या सिहोऱ्यात कुणालाही विचारा, आजोबांचं नाव फटकन सांगतील, पणजोबांचंही सांगतील. खापरपणजोबा म्हटलं, की सगळे घरातल्या म्हाताऱ्या आजीकडे पाहतात. पण आजीला आठवलं नाही तरी शोध संपत नाही. या भागात राजेरजवाड्यांचाच नव्हे, साध्या कास्तकाराचा आणि मजुराचाही माग कागदावर निघतो.

सगळ्यांत रंजक कागद म्हणजे कोतवाल बुक. मध्य प्रांताच्या काळात गावातले जन्म-मृत्यू कोतवाल ठाण्यात कळवायचा. नोंद बारशाआधी व्हायची, म्हणून बाळाचं नाव बरेचदा नसतंच. बापाचं नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. म्हणजे पणजोबा शोधायचे तर आधी त्यांच्या वडिलांचं नाव हवं, आणि पाच भावंडांतले आपले कोणते, हे कोडं वेगळंच. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी मध्य प्रांत एक. त्या वर्षीचं पान हाती आलं, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे मृत्यू आधी वाचा. वंशवृक्षाची एखादी फांदी अचानक का तुटली, ते तिथे कळण्याचा संभव मोठा.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मात्र जपून वाचावं. अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून किंवा १ जुलै कसा? नाव घालताना तारीख माहीत नसली, की गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे!

कागदांची ही शोधाशोध निव्वळ हौसेपोटी होते असंही नाही. जात पडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. एका दाखल्यासाठी सुरू झालेली वंशावळ पुढे छंद होऊन बसते, आणि मला ते फार आवडतं.

सिहोरेकरांची खास अडचण सरहद्दीची. १ नोव्हेंबर १९५६ ला सिहोऱ्याचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्याआधी दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते. पटले, बिसेन, रहांगडाले ही पोवार आडनावं दोन्हीकडे, सोयरिकीही दोन्हीकडे. त्यामुळे आजोबांचा कागद भंडाऱ्यात आणि आजीच्या माहेरचा बालाघाटात, असं सहज घडतं. जुना कागद मोडी लिपीत निघाला, तर वाचणारा जाणकार गाठावा लागतो. कुणी पूर्वज हरिद्वारला गेला असेल, तर तिथल्या पंड्याची वहीही पाहावी. यातल्या अनेक वह्यांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने करून ठेवल्या आहेत.

सगळ्यांत अवघड शोध बायांचा. जुन्या जमिनीच्या कागदांत बाईचं नाव बरेचदा नवरा गेल्यावरच उगवतं, ‘बेवा’ म्हणून. तो हयात असेपर्यंत ती कागदावर जवळजवळ नसतेच. म्हणून आजी बोलती आहे तोवर तिचं माहेर, तिच्या आईचं नाव, मामाचं गाव लिहून घ्या. हे काम पटवाऱ्याच्या दप्तरापेक्षा तातडीचं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. त्यांच्या पणतवंडांना निदान हा शोध सोपा जाईल.