घरजावयांचं खोरं

केश लोक कुठल्याही जनगणनेत सापडायचे नाहीत. ते अजून जन्मलेलेच नाहीत. उर्सुला के. ल ग्विन या अमेरिकी लेखिकेनं १९८५ मध्ये ‘ऑलवेज कमिंग होम’ या जाडजूड पुस्तकात त्यांना वसवलं, तेही फार पुढच्या काळात. जागा मात्र खरी आहे: उत्तर कॅलिफोर्नियातलं नापा नदीचं खोरं. समुद्र आत घुसलाय, जुन्या कारखानदारीचं विष मातीत मुरलंय, माणसं थोडीच उरलीत. उगमाशी वाकवाहा आणि पुढे सिनशान, तेलिना-ना अशी एकूण नऊ गावं.

लेखिकेला हे खोरं लहानपणापासून ठाऊक होतं. कुटुंबाचे उन्हाळे तिथल्याच मळ्यावर जायचे. वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियाच्या आदिवासींवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा. आई थिओडोरा यांनी ‘याही’ नावाच्या जमातीतल्या इशीचं चरित्र लिहिलं. आईबापांनी उद्ध्वस्त झालेल्या लोकांची टिपणं जपली. लेकीनं तीच रीत न जन्मलेल्या लोकांना लावली. म्हणूनच पुस्तकात कादंबरीच्या जोडीला नकाशे, पाककृती, शब्दकोश आहेत. टॉड बार्टन यांच्या संगीताची कॅसेटसुद्धा होती!

आता नात्यांकडे येऊ. घर आईचं. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, मोडलं की आईकडे परत. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक ओठ मुडपतात. इथे सगळेच तसे, टोमणा मारायचा कोणी? प्रत्येकाचं कूळही आईकडून येतं. अशी पाच ‘घराणी’ आहेत. एक ज्वालाकाचेचं, एक निळ्या चिकणमातीचं, अशी त्यांची नावं. आपल्याच घराण्यात लग्न चालत नाही. सगोत्राची अडचण मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. वयात आलेली मुलंमुली काही काळ ब्रह्मचर्य पाळतात आणि तेवढे दिवस न रंगवलेले कपडे घालतात, म्हणजे गावाला न विचारताच कळतं. विश्वनृत्याच्या उत्सवात वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारून अग्नीत जाळतात.

इरावती कर्व्यांच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथातून केरळच्या नायरांचं तरवाड, म्हणजे आईकडून चालणारं एकत्र कुटुंब, ओळखीचं झालेल्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे मालमत्तेचा कारभार मात्र बहुधा मामाच्या, कारणवराच्या हाती असायचा. केशांत साठवणाऱ्याला मान नाही. जो देतो तो श्रीमंत.

मग हा स्वर्ग का? नाही, आणि लेखिकेची ताकद मला इथेच दिसते. पुस्तकातल्या कादंबरीच्या नायिकेचा बाप परका, खोऱ्याबाहेरच्या कोंडोर लोकांचा सेनानायक. त्याला घराणं नाही, म्हणून पोरीची एक बाजू रिकामी. गावातली मुलं तिला ‘अर्धघरी’ म्हणून चिडवतात. आईच्या नावानं चालणाऱ्या समाजातही बापाचं घराणं नसणं बोचतंच. वैतागून ती बापाबरोबर निघून जाते. कोंडोरांच्या शहरात बायकांना लिहावाचायची बंदी, आणि राज्याची सगळी चूल लोखंडी युद्धयंत्रांपुढे विझत चाललेली. अखेर ती लेकीला घेऊन परत येते.

खटकतं ते एवढंच, की केशांना गाणी, नृत्यं, जेवणखाण सारं मिळालं. कोंडोरांच्या वाट्याला फक्त त्यांच्यातून पळून आलेल्या बाईची साक्ष. क्रोबरांच्या मुलीनं निदान एखादी कोंडोर आजी तरी बोलती करायला हवी होती.