मृगाआधीचं तेल, खंडेनवमीचं फडकं

श्रावणात धारणीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीचं झाकण उघडून पाहा. मीठ ओलं झालेलं असतं, तळाशी पाणी सुटलेलं असतं. बरणीत पाऊस शिरलेला नसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. मेळघाटात पावसाची झड लागली, की आर्द्रता कित्येक दिवस त्याच्या खाली उतरतच नाही. हेच मीठ माणसाच्या घामातही असतं. लोखंडावर बोट टेकलं की त्याचा ठसा मागे राहतो, तो ठसा हवेतलं पाणी धरतो, आणि चार दिवसांत तिथे तांबूस डाग उमटतो. पाण्याचा थेंबही न लागता, कपाटात बंद असलेलं लोखंड गंजतं ते असं.

या तालुक्यात शेतं जंगलाला भिडलेली आहेत. मक्याला रानडुकराचा आणि तुरीला रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, त्रास नवा नाही. त्यामुळे शेतरक्षणाच्या परवान्याची बंदूक असलेली घरं इकडे आहेत. बहुतेकांकडे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी असते. काहींकडे सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल असते. जुन्या ली-एनफील्डच्या घडणीवर बेतलेली ही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे आणि तिला पाच काडतुसांचं पोलादी मॅगझिन लागतं. पोलिसांकडच्या इशापूरच्या एसएलआरचं मॅगझिनही पोलादी पत्र्याचंच, फक्त २० काडतुसांचं. बंदुकीच्या नळीची काळजी सगळेच घेतात. नळीत डोकावून पाहता येतं, तिथला गंज दिसतो. मॅगझिनकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि आधी कुजतं ते तेच.

त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. गाविलगडावर आणि नरनाळ्यावर शेकडो वर्षं उघड्यावर पडलेल्या तोफा आपण पाहतो. गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्यानंतर दोनशेवर पावसाळे तिथल्या लोखंडावर कोसळले, तरी तोफ तोफच आहे, कारण तिची भिंत वीतभर जाड आहे. वर गंजाचा थर चढला तरी आत भरपूर लोखंड शिल्लक राहतं. मॅगझिनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. तो दाबून, वाकवून, जोडून पेटी केलेली असते. कोपऱ्यांत, जोडाच्या सांध्यात, पत्रा दुमडलेल्या कडेत बारीक फटी राहतात. तिथे शिरलेला ओलावा लवकर सुकत नाही आणि बाहेरून दिसतही नाही. आत स्प्रिंग असते. काडतुसं भरताना-काढताना तिचे वेढे पत्र्यावर घासतात आणि नेमक्या त्या जागांवरचं काळं पाणी, म्हणजे पोलादावरची काळी झाक, उडून जातं. गंजामुळे तिथे खड्डा पडला की स्प्रिंगचा जोर कमी होतो, काडतूस वर सरकत नाही, आणि हे कळतं ते नको त्या क्षणी.

गंजाला पाऊस लागतोच असं नाही, आर्द्रता पुरते. स्वच्छ लोखंडाच्या बाबतीत साधारण ६० टक्के आर्द्रता ही धोक्याची रेघ मानतात. त्याखाली गंज जवळपास थांबतो, त्यावर तो झपाट्याने वाढतो. धूळ, घाम, बारुदाची राख असली तर ही रेघ आणखी खाली येते. एकदा गंज धरला की तो स्वतःच पाणी शोषून ठेवतो, म्हणून जुन्या गंजाच्या कडेने नवा गंज पसरत जातो. तेव्हा उपाय दोनच. लोखंडापर्यंत हवा पोचू द्यायची नाही, किंवा पोचणारी हवा कोरडी ठेवायची. बाकी सगळी औषधं या दोन्हींचीच रूपं आहेत.

हवा अडवायची म्हणून तेल. पण कोणतं? इकडे घराघरांत खोबरेल असतं, वऱ्हाडात जवसाचं आणि करडईचं तेल मिळतं, मेळघाटात मोहाच्या टोळीचं तेल निघतं. उद्या सकाळी पुन्हा हातात घ्यायच्या कुऱ्हाडीला यातलं कोणतंही चालेल. वर्षभर ठेवायच्या स्प्रिंगला एकही चालत नाही. जवस आणि करडई हवेतला प्राणवायू घेऊन चिकट होतात, पुढे त्यांचा लाखेसारखा थर बसतो आणि मॅगझिनचा प्लॅटफॉर्म, म्हणजे काडतुसं वर ढकलणारी पट्टी, आतल्या आत अडकतो. खोबरेल हिवाळ्यात गोठतं. ते खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं, आणि आम्ल म्हणजे लोखंडाचा शत्रूच. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं काढलेलं काळं तेल वखराच्या पासेला लावायची पद्धत आहे. पास जाड असते, तिचं निभावतं. त्या तेलातही जळण्यातून आलेली आम्लं असतात, म्हणून शस्त्राला ते लावू नये. खनिज तेलच हवं. एकोणिसाव्या शतकात शिकारी आणि बंदूकवाले 'रंगून ऑइल' वापरत. ब्रह्मदेशातल्या खनिज तेलापासून ते बनत असे. ते कुजत नाही, खवट होत नाही, हाच त्याचा मोठा गुण होता. आजचं रायफल ऑइल त्याच घराण्यातलं आहे.

इथे आपल्या भागाचं एक वेगळं गणित आहे, आणि परदेशी माहितीपत्रकांत ते सापडत नाही. मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली ठेवलेली लोखंडी पेटी त्याहून तापते. या उष्णतेत पातळ तेल आणखी पातळ होऊन ओघळतं. मॅगझिन उभं ठेवलेलं असेल, तर वरच्या ओठांवरचं तेल खाली उतरून बॉटम प्लेटपाशी साचतं. वरचा भाग उघडा पडतो, आणि पुढच्याच महिन्यात पावसाळी हवा येते ती थेट त्या उघड्या जागेवर. दिवाळीला लावलेलं तेल पावसाळ्यापर्यंत टिकेल, हा हिशेब वऱ्हाडात चुकतो तो यामुळे. पावसाळ्याचं तेल मृगाच्या आधी लावायचं, आणि पुढे वर्षभर हात लागणार नसेल तर तेलाऐवजी घट्ट ग्रीस किंवा मेणासारखं गंजरोधक लावायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य समुद्रमार्गे पाठवायच्या रायफली 'कॉस्मोलिन' नावाच्या अशाच घट्ट, मेणचट पदार्थात बुडवून ठेवत असे. तो काढताना हात दुखतात, पण ज्या रायफलींवर तो नीट बसला त्या पुढे कित्येक दशकांनी कोऱ्या निघाल्या.

काम कसं करायचं ते मी इथल्याच एका निवृत्त हवालदारांकडे पाहिलं. सैन्यात त्यांचा बराच काळ कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत गेला. त्यांनी खाटेवर जुनं धोतर अंथरलं. मॅगझिन रिकामं असल्याची खात्री त्यांनी दोनदा केली, एकदा डोळ्यांनी आणि एकदा बोट घालून. मग उलटं धरून बॉटम प्लेटची खिट्टी अंगठ्याने दाबली. प्लेट सरकवताना दुसरा अंगठा त्यांनी कडेवर ठेवला होता, कारण खाली दबलेली स्प्रिंग उडून डोळ्यात जाऊ शकते. प्लेट, स्प्रिंग, प्लॅटफॉर्म, केस असे चार भाग त्यांनी ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ओळीत मांडले. रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंधीने केस आतून पुसली. पहिली चिंधी काळी निघाली, दुसरी करडी, आणि तिसरीच्या टोकाला तांबूस रंग दिसला.

"हा पाय बाप्पा, हा खरा," ते म्हणाले. "काळा रंग राखेचा. तांबडा दिसला का समजायचं आत काम सुरू हाय."

तो तांबूस भाग त्यांनी तेलात भिजवलेल्या बारीक तारेच्या गोळ्याने हलक्या हाताने घासला. पॉलिशपेपरला ते हात लावत नाहीत. त्याने गंजाबरोबर पत्र्यावरचं काळं पाणीही निघतं. चिंच, लिंबू यांनी गंज सुटतो खरा, पण आम्लाने उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा लाल होतं. सगळे भाग त्यांनी उन्हात तापवले, बोटाला ऊब लागेपर्यंत. मग कापडाची पट्टी तेलात बुडवली आणि पिळून काढली. तेल दिसता कामा नये, फक्त चमक दिसावी, असं त्यांचं माप. जास्तीचं तेल धूळ धरतं, आणि पुढे काडतूस भरलं तर त्याच्या बुडातल्या टोपीपर्यंत झिरपून बार निकामी करू शकतं. शेवटचं पुसून झाल्यावर उघड्या हाताने त्यांनी काहीच धरलं नाही. चिमटीत कापड धरूनच भाग जोडले.

त्या काळ्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. शस्त्रांवर दिसणारी निळसर काळी झाक म्हणजे लोखंडाचंच एक ऑक्साइड असतं. ते घट्ट चिकटून बसतं आणि तांबड्या गंजासारखं फुगत नाही. त्याची एक जुनी रीत तर अशी, की मुद्दाम बारीक गंज चढवायचा आणि उकळत्या पाण्यात तो काळा करायचा. दुसरा प्रकार म्हणजे फॉस्फेटचं लेपन. त्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो आणि तेल धरून ठेवतो. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला, त्यामागेही फॉस्फेटच आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रह्मण्यम यांनी दाखवून दिलं, की कोळशावर गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला होता आणि त्यातून पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला. आपल्या विदर्भातही नागपूरजवळच्या नायकुंड इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. लोखंडाशी आपलं नातं इतकं जुनं आहे. म्हणून परवान्याचं शस्त्र गंजवून ठेवणं मला निव्वळ हेळसांड वाटते.

तेल झालं, आता हवा. लोकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. चांगलं पुसलेलं मॅगझिन ते चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पाऊचमध्ये घालतात आणि पाऊच पेटीत टाकतात. चामडं हवेतलं पाणी पितं, त्यात कमावण्याची आम्लं आणि क्षार असतात, वर्षानुवर्षांचा घामही असतो. ते ओलं फडकं गुंडाळून ठेवण्यासारखंच झालं. पाऊच वापरायचा तो बाहेर जाताना. ठेवताना मॅगझिन वेगळं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं तर ती कधी बंद केली यावर सगळं अवलंबून असतं. मे महिन्याच्या दुपारी हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के धरा. ती हवा पिशवीत कोंडली आणि पुढे श्रावणात आतलं तापमान २४ अंशांवर आलं, तर आतली आर्द्रता होते सुमारे ५० टक्के, म्हणजे धोक्याच्या रेघेच्या खाली. तीच पिशवी जुलैत झडीच्या दिवशी बंद केली, तर तुम्ही ९० टक्के आर्द्रता स्वतःच्या हाताने आत कोंडता. पण मेमध्ये कोंडलेली हवाही डिसेंबरच्या रात्री १० अंशांवर उतरली, तर तिच्यातून दव पडू शकतं. मेळघाटात अशा रात्री येतात. म्हणून आत सिलिका जेलची पुडी हवीच. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले असं समजायचं. तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. हे करताना खिडकी उघडी ठेवावी, आणि त्या तव्यावर पुन्हा भाकरी टाकू नये, कारण त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. सैन्याच्या भांडारांत बाष्परूपी गंजरोधक कागद वापरतात. त्या कागदातून हळूहळू उडणारं रसायन लोखंडावर अदृश्य थर धरतं आणि चिंधी पोचत नाही अशा फटीतही जातं. बेअरिंगसारखे सुटे भाग अशाच कागदात गुंडाळून येतात, तेव्हा तो मिळणं अवघड नाही.

कपाट असेल तर त्यातली हवा थोडी गरम ठेवणं हाही खात्रीचा उपाय आहे. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर येते. पाण्याचा एक कणही न काढता. कोरकू घरांत बियाण्याची मक्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली दिसतात, तीही या उबेत कोरडी राहतात. शस्त्राच्या कपाटात कमी वॅटची तापकांडी बसवता येते. मात्र त्या कपाटात काडतुसं नकोत. ती वेगळ्या, कुलूपबंद जागी हवीत.

मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी थकत नाही, वारंवार दाबली-सोडली गेल्याने थकते. तरीही दीर्घ साठवणीत मॅगझिन रिकामंच ठेवावं. भरलेलं मॅगझिन आतून पुसता येत नाही, पितळ आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकून राहतात, आणि घरात लेकरं असतात. इन्सास रायफलीचं मॅगझिन प्लॅस्टिकचं असतं. त्याला गंज नाही, पण त्याच्या आतली स्प्रिंग पोलादाचीच असते. ते कवचही बिनधोक नव्हे, १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत ही मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी होत्या.

आपल्याकडे वर्षाची दुसरी तपासणी परंपरेनेच ठरवून दिली आहे. खंडेनवमी आणि दसरा येतात ते पावसाने पाठ फिरवायच्या सुमारास, म्हणजे पावसाळ्यात काय बिघडलं ते पाहायला नेमका योग्य वेळ. पोलिसांच्या शस्त्रागारांतही तेव्हा पूजा होते. पूजेत हळद-कुंकू, पाण्याचा हात, ओली झेंडूची फुलं आणि नारळाचं पाणी शस्त्रावर पडतं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात आणि ते किंचित आम्लही असतं. श्रद्धेने पूजा करावी आणि त्याच संध्याकाळी शस्त्र कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा हात देऊन ठेवावं. फुलं रात्रभर तशीच राहिली, तर पाकळीच्या आकाराचा डाग सकाळी दिसतो.

एक अडचण परवानाधारकाच्या हातात नसते. निवडणुका आल्या, की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि ती परत मिळेपर्यंत एखादा पावसाळा मध्ये जाऊ शकतो. जमा करायच्या आदल्या दिवशी मॅगझिन काढून वेगळं करावं, रायफल आणि मॅगझिन दोन्हींना तेलाचा नेहमीपेक्षा जाड हात द्यावा, चामडी म्यान घरीच ठेवावं, आणि पावतीवर रायफलीबरोबर मॅगझिनचीही नोंद करून घ्यावी. परत मिळाल्यावर घरी नेऊन लगेच खोलावं. शेतरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायची मोकळीक नव्हे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, हे मेळघाटात राहणाऱ्याने तरी विसरू नये.

गंज आधीच धरला असेल, तर तो कुठे आहे त्यावर निर्णय घ्यावा. केसच्या बाहेर नुसता डाग असेल तर तेल आणि बारीक तार पुरते. नखाला खड्डा लागत असेल, काडतूस धरणारे वरचे ओठ खाल्ले गेले असतील किंवा स्प्रिंगच्या वेढ्यावर खड्डे दिसत असतील, तर घरगुती उपाय तिथे थांबतात. ते मॅगझिन परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे किंवा आर्मोररकडे दाखवायचं, स्प्रिंग बदलून घ्यायची, आणि ओठ गेलेले असतील तर ते पुन्हा रायफलीला लावायचं नाही.