मागच्या दिव्यातला न पेटणारा दिवा

जुलैतल्या एखाद्या रात्री पूर्व द्रुतगती महामार्गावर भांडुपच्या आसपास गाडी बंद पडते. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून आलेली असते. बॅटरी मेलेली, वायरिंग ओलं, एकही बल्ब लागत नाही. तरी मुलुंडकडे निघालेल्या मागच्या गाडीच्या हेडलाइटचा झोत तिच्यावर पडतो आणि दोन लाल ठिपके लख्ख पेटून उठतात. त्यांना वीज लागत नाही. तो उजेड मागून येणाऱ्याचाच असतो, त्याचा त्याला परत मिळतो.

टेललाइटच्या लाल काचेचा एक तुकडा जवळून पाहिला तर त्यात बारीक जाळीसारखी नक्षी दिसते. तो रिफ्लेक्टर. प्लास्टिकच्या त्या तुकड्याची आतली बाजू म्हणजे एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन-तीन सपाट पृष्ठांचे दाटीवाटीने बसवलेले कोपरे. खोलीत दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात, तसा प्रत्येक कोपरा. पहिल्या पृष्ठावर आपटलेल्या किरणाची एक दिशा उलटते, दुसऱ्यावर दुसरी, तिसऱ्यावर तिसरी. तिन्ही उलटल्या की किरण आला त्याच वाटेला समांतर परत जातो, मग तो थोडा तिरका आलेला असला तरी. यासाठी मागे पारा लागत नाही की चांदीचा मुलामा. प्लास्टिक आणि त्यामागची कोरडी हवा यांच्या सीमेवर प्रकाश पूर्णपणे आतच परततो. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं तर हा खेळ मोडतो, म्हणून दिव्याचं सील फाटलं असेल तर पावसाळ्याआधी बदलावं.

हीच भूमिती चंद्रावर आहे. अपोलो ११ ने जुलै १९६९ मध्ये असे शंभर कोपरे असलेली चौकट तिथे ठेवली. पृथ्वीवरून सोडलेले लेझर किरण ती आजही परत पाठवते. आपल्या चांद्रयान ३ च्या विक्रम लँडरवर असे आठ कोपरे आहेत. १२ डिसेंबर २०२३ रोजी चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून विक्रमकडे लेझर सोडला आणि त्याला उत्तर मिळालं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत किंवा आरेच्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये बिबट्याचे डोळे चमकतात, तेव्हाही प्रकाश आल्या वाटेनेच परतत असतो. तिथे कोपऱ्यांऐवजी डोळ्याचं भिंग आणि पडद्यामागचा चकाकता थर मिळून ते काम करतात.

परतणारा प्रकाश अगदी तंतोतंत हेडलाइटमध्येच शिरला असता, तर चालकाला काहीच दिसलं नसतं. त्याचे डोळे हेडलाइटच्या वर असतात. म्हणून रिफ्लेक्टर किरणांना किंचित पसरू देतो. तो तपासताना जे कोन धरतात त्यातला एक जेमतेम एक तृतीयांश अंशाचा असतो. हिशेब करून पाहा: १०० मीटरवर तेवढा कोन म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर, साधारण हेडलाइट आणि चालकाचे डोळे यांतलं अंतर. एवढ्याशा प्लास्टिकमध्ये कुणीतरी एवढा विचार ओतून ठेवला आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आता या काचेवर काळी फिल्म चिकटवा. मुंबईभर गाड्या सजवणाऱ्या दुकानांत ‘स्मोक’ करून देतात, कुठे फिल्म लावून, कुठे स्प्रे मारून. निम्मा प्रकाश जाऊ देणारी फिल्म घेतली तर बल्बचा उजेड निम्मा होतो, कारण तो फिल्ममधून एकदाच जातो. रिफ्लेक्टरचा उजेड मात्र दोनदा जातो, एकदा आत येताना, एकदा बाहेर पडताना. म्हणजे उरतो एक चतुर्थांश. पाव प्रकाश जाऊ देणारी गडद फिल्म असेल तर उरतो सोळावा हिस्सा. गाडी बंद पडलेली असताना जो एकच दिवा शिल्लक असतो, त्यावरच घाव सर्वांत खोल बसतो. स्प्रेचं आणखी एक दुखणं आहे. काचेवर थर खरबरीत बसला की किरण विखुरतात, तो एक तृतीयांश अंशाचा नेम राहत नाही. शिवाय अशा काचा बहुधा ॲक्रिलिकच्या असतात आणि रंगातल्या थिनरने त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. फिल्म निदान सोलून काढता येते.

दुकानदार दिवा लावून दाखवतो आणि मालकाला तो छान दिसतो. दुकानदार खोटं बोलत नसतो. पण मालक उभा असतो तीन मीटरवर. दीडशे मीटरवरच्या चालकाचं अंतर त्याच्या पन्नास पट, आणि अंतर पन्नास पट झालं की डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड अडीच हजार पटींनी घटतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०५ म्हणतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७ मध्ये मागच्या साध्या दिव्याची किमान तीव्रता ४ कँडेला आणि ब्रेक लाइटची ६० कँडेला आहे. वाहनांसाठीची आपली एआयएस मानकंही बऱ्याच अंशी याच धर्तीची. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीची तीव्रता. चार मेणबत्त्या! एवढ्याशा उजेडावर मागच्या चालकाचा सगळा अंदाज बांधलेला असतो. तो उजेड पाव हिश्श्यावर आला तर जो दिवा १५५ मीटरवर जेवढा ठळक दिसायचा, तेवढा दिसायला आता सुमारे ७७ मीटरवर यावं लागतं. यात पावसाच्या सरी धरलेल्याच नाहीत.

तिन्हीसांजेची वेळ आणखी कठीण. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. उजेड कमी होत जातो तसा लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किंये याने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं. संध्याकाळी जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवरून पश्चिमेला जाताना सूर्य समोर असतो, पुढच्या गाडीची मागची बाजू सावलीत असते आणि ब्रेक लाइटला त्या झगमगाटाशी झगडावं लागतं. तिथे काळी काच लाल दिव्याला आणखी मागे ढकलते.

कायद्याचं काय? ४ मे २०१२ पासून खिडक्यांवरच्या काळ्या फिल्म सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाल्या, हे मुंबईकरांना आठवत असेल. नाक्यानाक्यावर फिल्म सोलल्या जात होत्या. तेव्हापासून अनेकांच्या डोक्यात पुढच्या-मागच्या काचेसाठी ७० टक्के आणि बाजूच्यांसाठी ५० टक्के हे आकडे बसले आहेत, आणि ते टेललाइटलाही लावले जातात. ते आकडे काचेतून पाहण्यासाठी आहेत, दिव्यांसाठी नाहीत. दिव्याला मंजुरी मिळते ती बल्ब, काच आणि रिफ्लेक्टर एकत्र धरून. ‘एवढ्या टक्क्यांपर्यंत काळं चालेल’ अशी सूट नियमांत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गाडी एमएच ०२ अंधेरीची असो, एमएच ४७ बोरिवलीची की घाटकोपर-मुलुंडची एमएच ०३, कायदा तोच.

काळ्या दिव्याची हौस मला कळते. पांढऱ्या गाडीवर तो खरोखर देखणा दिसतो. ही हौस सरळ मार्गाने भागवता येते, कारण काही गाड्यांना कंपनीतूनच धुरकट काचेचे दिवे येतात. तिथे काच किती प्रकाश अडवणार हे आधी धरून आतली एलईडी तेवढी प्रखर ठेवलेली असते, आणि अख्खा दिवा तपासून मंजूर झालेला असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही असं प्रमाणन करणाऱ्या संस्थांपैकी एक. एलईडीचा एक फायदा वेगळाच आहे. जुन्या बल्बची तार पूर्ण तापायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी जवळजवळ तत्क्षणी लागते. ताशी ६० किलोमीटरला तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरांहून जास्त पुढे आलेली असते.

आपल्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत असा दिवा मिळत असेल, तर कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावं की तो आपल्या गाडीला मंजूर आहे का. बाहेरून घेताना काचेवर कोरलेली बारीक अक्षरं भिंग लावून वाचावीत. आंतरराष्ट्रीय खुणांत ‘आर१’ म्हणजे मागचा साधा दिवा, ‘एस१’ ब्रेक लाइट, ‘२ए’ मागचा इंडिकेटर, आणि ‘आयए’ म्हणजे रिफ्लेक्टर. दिव्यावर ‘आयए’ ही खूण सापडली नाही, आणि बंपरमध्येही वेगळा रिफ्लेक्टर नसेल, तर तो दिवा दुकानातच ठेवून यावा.